ज्याचा त्याचा धूर

मोहितेसाहेब रस्त्याने चालताना खाली बघत नसत. नजर कायम वर, गच्च्यांच्या रेषेवर, कुठे एखादी धुराची चिमणी दिसते का ते शोधणारी. त्यामुळे रावपुऱ्याच्या गर्दीत ते सायकलींवर, गायींवर आणि भाजीच्या टोपल्यांवर कितीदा तरी आदळले असतील. एकदा उघड्या गटारात पाय गेला, गुडघा सोलवटला, मी धावत जाऊन हात दिला, तर पँट झटकत म्हणतात, "दिघे, त्या बेकरीवाल्याला सांगायला पाहिजे. भट्टीला हवा कमी पडतेय." उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या दिवशी मात्र सगळं बडोदं गच्चीवर चढून आभाळाकडे बघत असतं. वर्षातून तेवढा एक दिवस साहेब चारचौघांसारखे दिसत.

आम्ही दोघं मकरपुऱ्याच्या पुढच्या एका रंग-रसायनांच्या कारखान्यात होतो. ते बॉयलर हाऊसचे प्रमुख, इंजिनिअर. मी प्रयोगशाळेत केमिस्ट, वयाने बराच लहान. त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत, माझे संस्थानच्या कचेरीत. यावरून ते मला छेडत. "तुमच्या लोकांनी कागद काळे केले, आमच्या लोकांनी घोड्यांची लीद काढली. त्यातल्या त्यात लीद निदान नीट जळते." बोलताना मराठीत गुजराती अशी मिसळून जायची की कुठून कुठे गेले ते त्यांनाही कळत नसे. कुणी घाई केली की "शांति राख ने", काम मनासारखं झालं की "बस, हवे बराबर."

त्यांची एक लाकडी पेटी होती. झाकण सरकवलं की आत काचेच्या नळ्या, रबरी फुगा आणि बाटल्यांत पाण्यासारखं दिसणारं द्रावण. ऑर्सॅट म्हणतात त्या उपकरणाला. चिमणीला ठेवलेल्या भोकात नळी घालून धुराचा नमुना ओढायचा, तो पोटॅशच्या द्रावणातून दोन-तीनदा फिरवायचा. द्रावण त्यातला कार्बन डायऑक्साइड गिळून टाकतं, आणि नमुना जेवढा आक्रसला तेवढा त्या वायूचा टक्का. बॉयलरच्या धंद्यात हा टक्का म्हणजे अब्रू. टक्का कमी, म्हणजे भट्टीत नको तेवढी हवा घुसतेय आणि तेलाची उष्णता त्या हवेबरोबर चिमणीतून पळतेय. टक्का चांगला, म्हणजे नेमकी हवा, पुरतं ज्वलन, थेंबाथेंबाचं चीज. आमच्या तेलावरच्या बॉयलरला बारा टक्के मिळाले की याहून चांगलं जाळणं माणसाच्या हातात नाही असं साहेबांचं मत होतं. ती पेटी ते दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. तान्ह्या मुलाला आंघोळीला न्यावं तशी दोन्ही हातांवर घेऊन जात.

त्यामुळे बारा हा त्यांच्या तोंडी कौतुकाचा शेवटचा शब्द झाला होता. कंपनीबाहेरच्या गाडीवरची सेवउसळ अकरा. माझ्या लग्नातलं श्रीखंड साडेअकरा, आणि ते ऐकून माझे सासरे दोन दिवस गोंधळलेले होते. आमचा नवा जनरल मॅनेजर सात. "नुसती हवा," साहेब म्हणाले. पूर्ण बारा मी फार थोड्यांना मिळालेले पाहिले. त्यांच्या बायकोने, इंदूकाकींनी, एकदा माझ्यासमोर विचारलं होतं, "आणि अहो, मी किती?"

साहेबांनी वर्तमानपत्र खाली न करता सांगितलं, "तुझा नमुना अजून घेतला नाही."

"मग एवढी वर्षं काय करत होतात?"

"नमुना घाईत घ्यायचा नसतो."

काकी हसल्या आणि माझ्या बशीत आणखी एक वडी टाकून आत गेल्या. अकोट्याच्या त्या टेनामेंटमध्ये, म्हणजे अंगणाच्या बैठ्या घरात, झोपाळ्यावर बसून मी असे पुष्कळ रविवार काढले. तेव्हा विश्वामित्रीच्या पलीकडे नवी घरं होत होती. पाणीगेटची अंधारी खोली सोडून साहेबांनी कर्ज काढून हे घर घेतलं, कारण काकींना अंगणात तुळस आणि एक मोगरा हवा होता. एकच मुलगी, मीनल. तिच्यावर दोघांचा जीव.

आणखी एक सवय सांगायला हवी. एकदा बॉयलर पेटवताना भट्टीतली ज्वाळा उलट बाहेर आली. साहेबांनी आतल्या सगळ्यांना हाताला धरून दाराबाहेर काढलं आणि स्वतः सगळ्यात शेवटी आले, भुवया जळालेल्या. बॉयलर हाऊसमधून साहेब शेवटी निघतो, हा त्यांचा नियम. पण तो नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरात, देवळात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठलंही दार आलं की ते बाजूला सरकून उभे राहत, तळहात किंचित पुढे करत आणि काकी आत गेल्याशिवाय पाऊल टाकत नसत. रिक्षातसुद्धा आधी काकी. "घराला आग लागल्यासारखे दारात उभे राहतात," काकी कुरकुरत, पण दार आलं की त्याही क्षणभर थांबत, साहेब बाजूला होईपर्यंत. वर्षानुवर्षांची ती त्यांची सवय होती आणि बघताना मला फार बरं वाटे.

नव्वदनंतर दिवस फिरले. बाजार खुला झाला, आमचा माल परदेशी जाऊ लागला, गेटसमोर सायकलींच्या जागी मारुती दिसायला लागल्या. ऑर्डरी वाढल्या तसा तिसरा बॉयलर आला. मोहितेसाहेबांनी वर्षानुवर्षं जे तेल वाचवलं त्यातून हा बॉयलर उभा राहतो आहे, असं त्या सात टक्केवाल्या मॅनेजरने भाषणात सांगितलं. नारळ साहेबांच्या हस्ते फुटला. ऑपरेटर रमणभाईंनी सगळ्यांना पेढे वाटले. नवी चिमणी जुन्या दोघींपेक्षा उंच होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिने बारा दिले. साहेब इतके खूष होते की त्या दिवशी जनरल मॅनेजरला त्यांनी आठपर्यंत चढवलं.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच कंपनीने आम्हा दोघांना अहमदाबादला एका शिबिराला धाडलं. विषय ऊर्जाबचत. साहेब नवा शर्ट घालून गेले. त्यांना वाटत होतं की बचत म्हणजे आपणच तिथे चार गोष्टी सांगू. दुपारी एक तरुण बाई बोलायला उभी राहिली. तिने पडद्यावर एक चढत जाणारी रेघ दाखवली. हवेतला कार्बन डायऑक्साइड कसा वाढतोय, त्याने पृथ्वीची ऊब कशी कोंडली जाते, आणि हा वायू एकदा वर गेला की माणसांच्या पिढ्या सरल्या तरी बराचसा वरच राहतो, असं तिने शांतपणे सांगितलं. साहेब उठले. "पण मॅडम, हा वायू म्हणजे चांगल्या ज्वलनाची खूण आहे. आम्ही तो वाढावा म्हणून झटतो."

ती अदबीने म्हणाली, "बरोबर आहे सर. चांगलं ज्वलन म्हणजे तेलातला सगळा कार्बन हवेत गेला."

साहेब खाली बसले. यात त्यांना न कळण्यासारखं काही नव्हतं. रसायनाचं ते समीकरण त्यांनी कॉलेजात शेकडो वेळा लिहिलं असेल. पण काळा धूर दिसला की वाईट, काही दिसलं नाही की चांगलं, या समजावर माणसाने उभा जन्म काढलेला असतो. चिमणीच्या तोंडाशी काही दिसत नाही म्हणजे तिथून काही निघत नाही असं नाही, हे माहीत असणं वेगळं आणि मनात उतरणं वेगळं. परतीच्या गाडीत नडियाद येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "दिघे, एक लिटर पेट्रोल जाळलं तर वायू किती किलो?"

मी तोंडी गणित मांडलं. सव्वादोन किलोच्या वर आलं. मी म्हटलं, चुकलं वाटतं, कारण मुळात पेट्रोलच वजनाला पाऊण किलोच्या आसपास.

"चुकलं नाही," साहेब म्हणाले. "कार्बन एकटा बाहेर पडत नाही. हवेतला प्राणवायू कवेत घेऊन जातो. म्हणून आपण ओततो त्याच्या तिप्पट वर चढवतो." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "आणि मी टनाटनाने ओतलंय."

त्यानंतर मी त्यांच्या तोंडून बारा ऐकलं नाही. पेटी चालू होती, नमुने चालू होते, बॉयलरची काळजी तीच. रमणभाईंनी आशेने विचारलं, "साहेब, केटला?" तर साहेब आकडा सांगण्याऐवजी "ठीक छे" म्हणत आणि झाकण सरकवत. मला वाईट वाटायचं. प्रयोगशाळेत पोटॅशच्या बाटल्या धुताना मी त्यांना सांगितलं, "साहेब, तुम्ही टक्का वाढवला म्हणून तर तेल कमी लागलं. तुम्ही नसता तर याहून जास्त धूर झाला असता. तुम्ही वाचवलंच."

"वाचवलेल्या तेलाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी बाटली निथळत ठेवली. खिडकीतून तिसरी चिमणी दिसत होती.

आता याला कार्बन फूटप्रिंट म्हणतात, शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धेलाही तो विषय असतो. तेव्हा आमच्याकडे शब्दच नव्हता. साहेब त्याला "ज्याचा त्याचा धूर" म्हणायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी अख्ख्या सोसायटीचा धूर मोजायला काढला. सकाळी टोपी घालून घरोघर: गॅसची बाटली किती दिवस पुरते, स्कूटरला पेट्रोल किती, विजेचं बिल केवढं, एसी कोणत्या महिन्यापासून लावता. समोरचे पटेल दारात आडवे उभे राहून म्हणाले, "मोहितेसाहेब, इन्कमटॅक्समां लाग्या के शूं?" साहेब हसले नाहीत. पेट्रोलची आणि हवेची, वायूची आणि विजेची अशी सगळी गणितं समजावून सांगत. वीज म्हणजे कुठेतरी जळणारा कोळसा, वर गुळगुळीत दिसणारं सिमेंट म्हणजे भट्टी, आणि दूर कारखान्यात झालेला कपडासुद्धा आपल्या अंगावर धूर घेऊनच येतो. लोक ऐकून घेत, चहा पाजत, आणि साहेब वळले की एकमेकांकडे बघत. पटेलांचा धूर सोसायटीत मोठा निघाला, दोन गाड्या असल्यामुळे. ते ऐकून पटेल जरा खूषच झाले.

सगळ्यात कमी धूर निघाला इंदूकाकींचा. त्या बाजारात चालत जात, डाळ-भात एका कुकरात लावत, पंखा फक्त पाहुण्यांसाठी लावत आणि आयुष्यात बस, रेल्वे आणि नवऱ्याच्या स्कूटरची मागची सीट याखेरीज कशात बसल्या नव्हत्या. "म्हणजे मी पहिली आले की नापास?" त्यांनी विचारलं.

सगळ्यात जास्त धूर कुणाचा निघाला, तर साहेबांचा. मी चक्रावलो. स्कूटर जुनी, राहणी साधी. मग लक्षात आलं की त्यांनी कारखान्याच्या तिन्ही चिमण्यांचा सगळा धूर स्वतःच्या नावावर मांडला होता. पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंतचा.

मी वाद घातला. म्हटलं, असं नसतं साहेब. तो धूर कंपनीचा, नाहीतर ज्याने तो रंग लावलेले कपडे घातले त्याचा. तुम्ही पगारी माणूस. उद्या रेल्वेचा ड्रायव्हर सगळ्या गाडीचा धूर स्वतःच्या डोक्यावर घेईल काय? हिशेबाची पद्धतच चुकली तुमची.

"चिमणीवर सही माझी होती," ते म्हणाले.

दरवर्षी तपासणी झाली की बॉयलरच्या जबाबदारीवर प्रमुखाची सही लागते, हे खरं. पण ती सही स्फोट होऊ नये म्हणून असते, पृथ्वीसाठी नसते. हे त्यांना मी परोपरीने सांगितलं. बॉयलरवाल्यांची ही एक विचित्र जात असते. जे पेटवलं ते आपलं, विझेपर्यंत आपलं, अशी त्यांची घडण. हा वायू विझत नाही, वरच राहतो, हे कळल्यावर साहेबांची ड्यूटी निवृत्तीनंतरही संपेना. झोपाळ्यावर बसून ते पूर्वीसारखे वर बघत, पण आता तिथे चिमणी नसे, नुसतं मोकळं आभाळ असे. मला ते बघवायचं नाही.

आणि याच सुमारास मीनलला अमेरिकेत मुलगी झाली.

मीनल लग्न होऊन तिकडे गेली होती. बडोद्यात तेव्हा प्रत्येक गल्लीतून कुणी ना कुणी जात होतंच. नवऱ्याचे तिथे राहण्याचे कागद अडकलेले, बाहेर पडलं तर परत येता येईल याची खात्री नाही, म्हणून तिला येणं शक्य नव्हतं. तिने आई-बाबांना दोघांची तिकिटं पाठवली. काकींचं घर आठवडाभर मेतकुटाच्या आणि डिंकाच्या लाडवांच्या वासाने भरून गेलं. रावपुऱ्यातल्या दुकानातून त्यांनी मरून रंगाचं स्वेटर घेतलं. बडोद्याच्या उकाड्यात ते अंगात घालून त्या माझ्या बायकोला दाखवत होत्या, घामाने निथळत, आणि हसत होत्या. मुंबईला जाऊन दोघांनी व्हिसासुद्धा आणला.

निघायला थोडे दिवस उरले असताना मी गेलो तर घर शांत होतं. साहेब झोपाळ्यावर, काकी उंबऱ्यात. साहेबांनी विमानाच्या इंधनाचा हिशेब मांडला होता.

"मी नाही जात, दिघे," ते म्हणाले. "एका फेरीत एका माणसाचा धूर इंदूच्या कित्येक वर्षांच्या धुराहून जास्त होतो. माझ्या नावावर आधीच इतकं आहे. आणखी नाही घालणार." मग काकींकडे बघून म्हणाले, "ती जाऊ शकते. तिच्या नावावर काहीच नाही. मी तिला म्हटलं, तू जा."

"मी एकटी?" काकी म्हणाल्या. "मला भरूचला एकटीला जाता येत नाही. इंग्रजीत पाणी मागता येत नाही मला."

"शिकवेन मी."

"अहो, ते विमान तर जाणारच आहे ना? आपण बसलो नाही तर दोन खुर्च्या रिकाम्या जातील, एवढंच."

"रिकाम्या खुर्च्या वाढल्या की विमानं कमी होतील."

"कधी?"

काकी उठून आत गेल्या. मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा त्या लाडू डब्यातून काढून ताटात मांडत होत्या. मला म्हणाल्या, "लोकांना सवत असते तशी मला चिमणी आहे, अविनाश. नोकरीत होते तोवर निदान संध्याकाळी सुटून घरी यायचे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण हात तुपाचे होते. ते लाडू मग सोसायटीत वाटले गेले. पटेलांच्या घरीही गेले.

मी साहेबांवर चिडलो, बरेच दिवस गेलो नाही. मग पुन्हा जायला लागलो, कारण चिडून किती दिवस राहणार. काकींनी तो विषय परत काढलेला मी ऐकला नाही. रविवारी सकाळी मीनलचा फोन येई. काकी रिसीव्हर कानाला घट्ट धरून नातीचं बोलणं ऐकत. ती इंग्रजीत काही तरी सांगे आणि काकी मराठीत "हो गं माझी बाई" म्हणत. साहेब शेजारी उभे राहत. फोन संपला की काकी रिसीव्हर त्यांच्या हातात देत, आणि तो जागेवर ठेवायचं काम त्यांचं. दोघं एकमेकांशी प्रेमाने वागत, पूर्वीसारखीच दारं येत आणि साहेब बाजूला होत. म्हणून तर ते बघणं जास्त कठीण होतं. स्वेटर कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून राहिलं. मीनलच्या कागदांचं काम या वर्षी होईल, पुढच्या वर्षी होईल करत लांबत गेलं.

आणि एका दुपारी काकी गेल्या. मोगऱ्याला पाणी घालताना छातीत कळ आली, पायरीवर बसल्या, तिथेच संपलं. साहेब आत वाचत होते.

मीनल पोचणं शक्य नव्हतं. तिला कळवलं आणि संध्याकाळी नेलं. तेव्हा स्मशानात गॅसची भट्टी झालेली होती. साहेबांनी लाकडं नको म्हटलं. दार बंद झालं, आम्ही आठ-दहा माणसं बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो. साहेबांची मान सवयीने वर गेली. भट्टीची चिमणी छपरावरून वर गेलेली होती आणि संध्याकाळच्या उजेडात तिच्या तोंडाशी काही म्हणता काही दिसत नव्हतं. पटेलांना वाटलं, भट्टी अजून पेटवलीच नाही. ते हळूच मला म्हणाले, "हजी चालू नथी कर्युं लागे छे. धुमाडोय नथी."

साहेबांनी ते ऐकलं. चिमणीवरची नजर न काढता ते म्हणाले, "बारा."

इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकून मला आधी काही कळलंच नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंड तसंच उघडं राहिलं होतं. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना झाडाच्या पारावर बसवलं. रमणभाई खूप लांबून आले होते. त्यांनी साहेबांच्या पायांशी बसून त्यांचे पाय दाबायला सुरुवात केली आणि रडायला लागले. साहेब रडले नाहीत. "अजून वरच असेल ती," एवढंच त्यांनी एकदा म्हटलं.

मीनल चौथ्या दिवशी आली, जे होईल ते होवो म्हणून, लेकीला घेऊन. घरात शिरल्यावर तिने आईचं कपाट उघडलं. ते स्वेटर हातात घेऊन ती झोपाळ्यासमोर उभी राहिली. "बाबा, आई एकदा आली असती तर जग बुडणार होतं का?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग?"

"माझा हिशेब बरोबर होता." त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "त्यात ती नव्हती."

मीनल त्यांच्याजवळ खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. नात दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. आजोबांना ती पहिल्यांदाच बघत होती, आणि आजीला तर तिने फोटोतच पाहिलं.

तिच्या सुदैवाने तिला परत जाता आलं. साहेब एकटे राहिले. दूध उतू जाई, कुकर विसरला जाई, भांडी काळी. मी जाई तेव्हा घरात धुराचा वास असे, आणि ज्याने जन्मभर धूर म्हणजे आळस म्हटलं त्या माणसाला त्याचं काही वाटत नसे. वर्षभराने डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तोल जायला लागला. मीनलने तिकीट पाठवलं, या वेळी एकाचंच आणि परतीचं नाही. साहेब नाही म्हणतील म्हणून मी तयारीने समजूत घालायला गेलो होतो. ते नाही म्हणाले नाहीत.

हरणीचा विमानतळ तेव्हा छोटासा होता. आवाराच्या जाळीतून विमानाची शिडीसुद्धा दिसायची. इथून मुंबई आणि तिथून पुढे. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. त्यांच्या हातावर ते मरून रंगाचं स्वेटर होतं, घडी केलेलं.

"दिघे," ते म्हणाले, "हा तिच्या वाट्याचा धूर आहे. तिने वापरलाच नाही. मीनल म्हणाली, बाबा, तुम्ही वापरा." स्वेटर त्यांनी दुसऱ्या हातावर घेतलं. "पेटी तुझ्याकडे ठेव. नळ्या जपून."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. मी धावत जाळीशी गेलो. बऱ्याच वेळाने माणसं उन्हातून विमानाकडे चालत जाताना दिसली. साहेब सगळ्यात शेवटी होते, पुढे सगळे चढून गेले तरी ते सावकाश, कठड्याला धरून एकेक पायरी वर जात होते. वरच्या दारात विमान कंपनीची एक मुलगी हात जोडून उभी होती. साहेब तिच्यापाशी पोचले, आणि आत न जाता बाजूला सरकले. तळहात किंचित पुढे केला आणि थांबले. शिडीवर त्यांच्या मागे कुणी नव्हतं. त्या मुलीने मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. माणूस आत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ साहेब तसेच उभे राहिले, आणि मग आत गेले.